एसी बंद केल्यावरची किरकिर

व्यासपीठावरच्या माननीय अध्यक्षबाई, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या मालकीणबाई. त्यांच्या शेजारी बसलेले पाहुणे, वाहनचालक संघटनेचे सेक्रेटरीसाहेब. आजचे सत्कारमूर्ती मिस्त्री. त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक. आणि समोर खुर्च्यांवर व मागे टायरांवर बसलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

आधी माफी मागतो. भाषण लिहून आणायला मला फार आधी सांगितलं होतं, मी लिहिलं ते आज सकाळी. कागद घेऊन बसलो की काहीतरी काळजी आठवायची. पंखे पुरतील का, माईक ऐन वेळी शिट्टी मारेल का, सातवी शिकलेल्या माणसाचं शुद्धलेखन लोक वाचतील का. शिवाय दोन प्रती करायच्या होत्या. एक माझ्या हातात आहे, दुसरी मिस्त्रीच्या. सभेत त्याला 'ते' म्हणायला हवं, पण ते काही माझ्याच्याने होणार नाही.

दुसरी प्रत अशासाठी, की मिस्त्रीला आता ऐकू येत नाही. हे सगळ्यांसमोर सांगू का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "बिनधास्त सांग. मला कुठे ऐकू जाणार आहे!"

तेव्हा मी पान उलटलं की त्यानेही उलटायचं, असं ठरलं आहे.

ज्याला सगळे ड्रायव्हर 'कानसेन' म्हणायचे, त्याचेच कान जावेत? याचा जाब कोणाला विचारायचा? गाडी गेटातून आत वळेपर्यंत त्याला दुखणं कळलेलं असायचं. तरी तो आपल्याकडून वदवून घ्यायचा. नुसतं 'आवाज येतो' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "आवाज माझ्या सासूचाही येतो. कसला, ते बोल. घरघर, खरखर, टकटक की किरकिर?" टाय लावलेले साहेब इथे उभे राहून तोंडाने घुर्रर्र करताना मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आता माझ्या पिकअपचं सांगतो. मी नर्सरीची रोपं पोचवतो. या उन्हाळ्यात एसी लावायला लागलो, तेव्हापासून पुढून आवाज यायचा. वाटेत एकाने सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. माझी झोप उडाली. बायकोला शेजारी बसवून तसाच इथे आलो.

"तुला घड्याळाची टिकटिकसुद्धा बिघाड वाटते," मिस्त्री म्हणाला. "लाव एसी."

लावला. त्याने नेहमीसारखा लांब पेचकस कॉम्प्रेसरला टेकवला, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग पेचकस माझ्या हातात दिला.

"आज तू ऐक आणि मला सांग."

मला वाटलं, चेष्टा करतोय. ऐकलं आणि म्हणालो, "किरकिर."

"तोंड इकडे करून बोल."

"किरकिर!"

"आता एसी बंद कर. गेली?"

"नाही रे. तशीच आहे."

तेवढ्यात आमची ही सीटवरून म्हणाली, "भावजी, एसी बंद असला तरी किरकिर चालूच? मग ती गाडीची नव्हे, यांची!"

सगळं वर्कशॉप हसलं. मिस्त्री हसला नाही. तो माझ्या ओठांकडेच बघत होता.

त्याने इंजिन बंद करायला लावलं, पट्टा सैल केला आणि डोळे मिटून पुली बोटांनी फिरवली. "कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. एसी बंद असला तरी ही पुली इंजिनाबरोबर फिरतच असते. तिचं बेअरिंग गेलंय. हात लाव." मी लावला. आत वाळू असल्यासारखं लागलं. मग तो फक्त मला कळेल असं म्हणाला, "कान गेले रे. बोटं आहेत अजून."

जरा थांबा. तो अजून मागच्याच पानावर आहे. हं, उलटलं.

बेअरिंग बदललं. गाडी आता इतकी गुपचूप चालते की मला करमत नाही. माझं बोलणं सुरू झालं की घरातली माणसं एकेक करून उठतात. हा मात्र हात पुसत समोर बसायचा आणि म्हणायचा, "कसली किरकिर, ते बोल." कान गेल्यावरही तसाच बसायचा, माझ्या ओठांकडे बघत. उद्यापासून रोपं पोचवून झाली की संध्याकाळी मी गाडी कुठे वळवू? पोरी, तू बापाला नेतेस ते योग्यच आहे. त्याच्याशी बोलताना तेवढं तोंड समोर ठेव.

मालकीणबाईंनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. शुद्धलेखनाच्या चुका एकट्या मिस्त्रीलाच दिसणार आहेत. बाकीच्यांना ऐकताना काही खटकलं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून द्या.

आणि मिस्त्री, फोन करू नकोस. फोनवर तुला माझे ओठ दिसणार नाहीत. तुझ्या प्रतीचं शेवटचं पान मी कोरं ठेवलं आहे. पोचलास की त्यावर चार ओळी लिही आणि लगेच पाठव, माझा जीव टांगणीला लावू नकोस. नुसतं 'बरा आहे' लिहिलेलं चालणार नाही. कसा, ते लिही.