आईला आवडलेला सिनेमा

दुपारचा खेळ सुटला. अर्धे लोक मध्येच उठून गेले होते, उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बँकॉकच्या त्या थिएटरबाहेर ओरावन बसची वाट पाहत होती. तिच्यापुढे एक म्हातारी आणि तिचा चाळिशीचा मुलगा उभे होते.

"आवडला का रे, तोंग?"

"नुसता लाल उजेड आणि लांबच लांब बोळ. कुणी धड बोलत नाही, आई."

"मला आवडला. मोठ्या भावाचा खून होतो, तरी धाकटा हात उचलत नाही. त्याच्या आईनं किती समजावलं त्याला."

"समजावलं? टोचून टोचून जीव खाल्ला त्याचा."

"शेवटी गेला ना सूड घ्यायला?"

"आणि मेला. आई, आपल्या दादाचा खून करणारा शिक्षा भोगून आलाय. देवळात झाडू मारतो बिचारा."

"ठाऊक आहे. भिक्षूंना भात वाढायला जाते तेव्हा दिसतो. वाकून नमस्कार करतो. हल्ली त्यालाही डबा नेते मी."

"हे चांगलं केलंस."

"केस गळायला लागलेत त्याचे. काल तर हातातून झाडूच पडला."

"आई, डब्यात काय असतं?"

"भात. चल, बस आली."

म्हातारी चढली. तोंग मात्र धावत मोटारसायकलवाल्याकडे गेला. "देवळात. लवकर चला," एवढंच ओरावनला ऐकू आलं.

बसमध्ये एकच जागा रिकामी होती.

"बस इथे, पोरी," म्हातारी सरकत म्हणाली. "माझा मुलगा येत नाहीये. तू जेवलीस का?"