माकुलीची शाई

मी मच्छी मारनाऱ्या ढिवराची पोरगी, भाऊ. अर्जुनी मोरगावकडं आमचा गाव, तलावाच्या पाळीवरच जन्मली आन् तिथंच मच्छी साफ कराले शिकली. माय म्हने, पोटातलं पित्त फुटलं तं सारी मच्छी कडू, मंग कोन खाते, म्हनून बोटानं हळूच काढाचं. तेवढीच इद्या मले आली.

लगन झालं आन् गोंदियाले आली. नवरा मालधक्क्यावर हमाल, तांदळाचे पोते उचले. मी रेल्वेच्या डाक्टरच्या घरी मच्छी साफ कराले जाओ. डाक्टर कोकनातला, त्याच्या भावानं एकदा मुंबईहून बर्फात घालून पेटी धाडली, त्यात माकूल. काय सांगू तुमाले, ना खवले ना काटा, नुसती लिबलिबीत, तोंडालेच हातपाय. कापली तं आतड्याले चिकटून चांदीवानी चमकते अशी लहानशी पिशवी. मले वाटलं पित्तच हाये. डाक्टर म्हने, नाही बाई, ती शाई, आन् बोट लावून दाखोलं, का पिशवीच्या बुडाशी गाठ हाये, ते शाई बनवते, पिशवीत साठते, तिथून नळी आतड्याच्या शेवटाले जाते, भेव वाटलं का माकूल मानेखालच्या नळकांड्यातून काळं सोडते आन् पळते.

साफ करनारीले पोटातला माल भेटे, ते आमची रीतच. शाई जिभेले लावून पाहली, कडू नाई. घरी नेऊन चिंच घालून रांधली. भात काळा, दात काळे, दोघंबी हासून हासून बेजार. दुसऱ्या रोजी परसाकडलेबी काळंच.

माहं दोन रोजात सरलं, नवऱ्याचं नाई सरलं. इचारलं तं म्हने, अवं, तुही माकूल माह्या पोटात बसून राहिली, निंघून जाईन. पोट जळे त्याचं, तोंड पांढरं पडून राहिलं, पोतं उचलताना धाप लागे. मी म्हटलं डाक्टरले इचारते, तं खवळला, नवऱ्याच्या परसाकडचं डाक्टरले सांगशीन काय, लाज नाई तुले? मलेबी लाजच वाटे. आन् काळं काऊन, ते तं दोघालेबी मालूम होतं ना.

मंग एक दिवस मालधक्क्यावर पोत्याखालीच पडला. डाक्टर धावत आला, इचारलं, शौचाला काळं होत होतं का? मी म्हटलं, हो बापा, तुमच्या माकुलीची शाई हाये ते, अजून निंघून राहिली. डाक्टरनं त्याच्या डोळ्याची पापणी वढून पाहली. मंग म्हने, शाई एक-दोन दिवसांत निघून जाते, बाई. हे पोटातलं रक्त आहे.

रक्त काळं होऊन येते हे मले कोन सांगनार? मच्छीचं रक्त मी रोज पाहो, लालच राहे.

सांजेले गेला तो. मले अजून त्याचा राग येते, मंग रडू येते.

आता देश सुतंतर झाला म्हनतेत, स्टेशनावर झेंडे लागले. मी बाजारात मच्छीच साफ करते. कोनी बाई घरच्या मानसाचं पोट दुखते म्हने, तं मी सरळ इचारते, काळं होते का? रागावतेत. रागावू द्या. तुमचं बरं होओ, भाऊ, पन तुमच्या घरी कोनाले काळं दिसलं तं हासू नका.