धोंडू कुंभाराला बारवेतून हाक आली

ऐका. जवळ सरका, आणि मध्ये कुणी हसायचं नाही. आपला धोंडू कुंभार, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे.

अवसेची रात. तालुक्याची शेवटची एसटी फाट्यावर थांबली, धोंडू एकटाच उतरला. सडकेनं गाव लांब, म्हणून त्यानं बारवेची वाट धरली. आता हे ध्यानात घ्या, बारा वर्षं त्याच्या कानात आवाज यायचे. बाकी कुणाला ऐकू यायचे नाहीत! देवऋषी झाले, अंगारे झाले. मग सरकारी दवाखान्याच्या गोळ्या. त्यांनी झोप आली, बाकीचे आवाज गेले. एक मात्र हटेना.

वाटेत तो सुरू झाला. "धोंड्या..." धोंडू चालतच राहिला. मग मागं पावलं. वळून बघतो तर कोणी नाही! मग बारवेतनं धाकट्या बहिणीचा, गजराचा आवाज. "दादा, मी पडले रे! उतर लवकर!" अहो, हुबेहूब गजरा! धोंडू पळत सुटला. काठावर आला. एक पाय पायरीवर. खाली काळं पाणी. आणि आवाज फिरला. हसला. "ये. तुझी लायकी तीच."

पण ऐका! दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दोन महिने त्याला शिकवत होत्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या आवाजाचा चेहरा काढायचा, बाई दुसऱ्या खोलीतनं त्या चेहऱ्याच्या तोंडून तसंच बोलायच्या, आणि यानं तोंडावर उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी तर बिचारा नुसता रडला होता. आज मात्र काठावर ताठ झाला आणि ओरडला, "बोल किती बोलायचं ते! पाय माझे आहेत. मी उतरणार नाही!"

आवाज तुटला. एकदम! मग उरली नुसती पुटपुट.

धोंडू मागं मागं सरकत सडकेवर आला. समोरून त्याला शोधत, बॅटरी घेऊन गजरा येत होती.

"दादा, हात किती गार पडलेत!"

"तो बारवेत बोलावत होता. मी नाही म्हणालो."

गजरा तिथंच रडायला लागली. सकाळी दोघं पुन्हा दवाखान्यात. बाईंनी गोळी बदलली, त्या नव्या गोळीपायी दर आठवड्याला रक्त तपासायला लावलं. आवाज अजून येतो, महिन्यातनं एखाद्या वेळी. धोंडू म्हणतो, "आलास? बस तिकडं. चाकावर माती आहे माझी."

देवाशप्पथ, एवढ्या छातीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही मात्र रातीची ती वाट धरू नका. आणि कुणाला असली हाक ऐकू आली, तर त्याला एकट्याला तिकडं जाऊ देऊ नका. हात धरा, सडकेनं न्या.