पंखाला लावलेली हळद

(बुलढाण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजचं वर्कशॉप. विद्यार्थ्यांनी बनवलेली फॉर्म्युला रेसिंग कार संध्याकाळच्या ट्रकने स्पर्धेला निघायची आहे.)

महादेवराव : गाडीच्या पंखाचा फोटो सरळ लाव पोरी त्या फ्रेममधी. वाकडा दिसून राह्यला.

प्रतीक्षा : सरळच आहे, महादेवकाका. हा स्टॉलवर परीक्षकांसमोर ठेवायचा आहे. गजेंद्र सरांनी तर बॅनरवरही घेतला.

महादेवराव : पाह्यला म्या गेटवर. सराचं तोंड मोठं अन् आपला पंख लहान.

प्रतीक्षा : पुण्याच्या एका तज्ज्ञांना पाठवला होता सरांनी. ते म्हणे, पंखावरून इतकी सरळ हवा गेलेली आम्हीही कुठं पाहिली नाही. रेघ न रेघ जागेवर.

महादेवराव : आवडला ना त्याईले? मले वाटलंच.

प्रतीक्षा : तुम्हाले कधीपासून हवा समजाले लागली?

महादेवराव : हवेचं मले काय समजते. रेघाईचं समजते. बत्तीस वर्सं झाली या वर्कशॉपात. बरं, हर्षल येऊन राह्यला का नाही?

प्रतीक्षा : हेल्मेट द्यायले येतो म्हणाला. गाडी आता प्रेम चालवणार.

महादेवराव : काऊन? दोन वर्सं तर हर्षलच राबला गाडीवर.

प्रतीक्षा : भितो तो. रविवारी मोताळ्याच्या जिनिंगच्या पटांगणात चाचणी घेतली ना, तेव्हापासून एकच रट. वळणावर गाडी मागून हलकी होते, घसरते. सरांनी त्याच्यापुढं हा फोटो धरला. म्हणाले, पंख गाडीले दाबून राह्यला हे इथं दिसते, मग गाडी हलकी होते कशी? हलकं तुझं काळीज आहे.

महादेवराव : अन् तू काय म्हनली?

प्रतीक्षा : पंख माझा आहे काका. आठ महिने कॉम्प्युटरपुढं बसून काढला. मी म्हटलं, पंख बरोबर आहे, चालवणारा भितो.

महादेवराव : एक इचारू का? हे पंख दाबते म्हंजे काय? मले तर आजवर तो पावसासाठीच वाटे.

प्रतीक्षा : विमानाचा पंख विमानाले वर उचलते. आपण तोच उलटा बसवला, म्हणून तो गाडीले खाली दाबते. पण हवा त्याच्या खालच्या अंगाले चिकटून गेली पाहिजे. मधातच सुटली, तर नुसतं पत्र्याचं ओझं. चिकटली का सुटली, ते हळदीवरून कळते.

महादेवराव : हळदीवरून?

प्रतीक्षा : मोठ्या टीमा चमकणारा रंग लावतात. तो आपल्याले कुठं भेटते? म्हणून मी तेलात हळद कालवली. पंखाले खालून लावायची अन् गाडी पळवायची. हवा जशी जाते, तशी हळद ओढल्या जाते.

महादेवराव : म्हंजे ती पूजेची नोती?

प्रतीक्षा : कशाची पूजा?

महादेवराव : नवी गाडी पयल्यांदा भायेर काढली, हळद लावली. म्या म्हनलं, पोरं शिकले पन रीत नाही सोडली. खालून लावली, म्हंजे सरापासून लपून लावली असन. मले तर भरून आलं होतं.

प्रतीक्षा : काका, तुम्ही पंखाले हात लावला होता का?

महादेवराव : रविवारी गाडी चक्कर मारून परत आल्यावर तू जिनिंगच्या ऑफिसात चार्जिंगले लावलेला मोबाईल आनाले गेली ना? तवा पाह्यलं, तर हळदीचा पार गिचका झालता. फोटो काढाचा अन् हळद अशी? मंग पाची बोटं टेकवली अन् ओढली सरळ. कडंपासून कडंपर्यंत. मोज पाहिजे तर.

प्रतीक्षा : पाच. पुन्हा पाच. पाच. इथं चार आहेत.

महादेवराव : तिथं अंगठा दुखला म्हनून उचलला. ग्राइंडरनं कापला होता, पट्टी होती.

प्रतीक्षा : या चार रेघांवर त्या तज्ज्ञांनी अर्धं पान लिहिलं, काका. इथं हवा वेग घेते म्हणून.

महादेवराव : माही चूक झाली का पोरी?

प्रतीक्षा : तुम्हाले कोणी सांगितलं होतं का, हळद कशाची आहे ते? मीच नाही सांगितलं. थांबा, मले वही घेऊ द्या. पुसायच्या आधी ती कशी होती, आठवते?

महादेवराव : आठवते ना. दोन्ही कडंले ठीक होती. मधात चार बोटं गेली अन् थबकली. तिथून उलटी फिरली, गोळा झाला.

प्रतीक्षा : उलटी म्हणजे गाडीच्या तोंडाकडे?

महादेवराव : हाव. इपरीत दिसे, म्हनून तर पुसली.

प्रतीक्षा : लिहिलं. आपल्या गाडीची खरी चाचणी एवढीच, काका. हवा मधात सुटत होती. हर्षल खरं सांगत होता अन् मी त्याले भित्रा ठरवलं.

महादेवराव : मंग आता?

प्रतीक्षा : सरांना फोन लावते. हॅलो, सर… नाही, ट्रक अजून आला नाही. सर, त्या फोटोतल्या रेघा हवेच्या नाहीत… महादेवकाकांच्या आहेत… बोटांच्या, सर… हो, बॅनर पाहिलं मी… कोणाला कळणार नाही हे खरं आहे सर, पण वळणावर गाडीत आपला माणूस बसलेला असेल. पंख काढून ठेवू, नुसती गाडी नेऊ. आणि हर्षललाच चालवू द्या… चूक माझी आहे, तसं लिहून देते… बरं सर.

महादेवराव : काय म्हने?

प्रतीक्षा : हर्षलले चालवू दे म्हणे. पंखाचं मात्र पुण्याच्या तज्ज्ञांना विचारून सांगतो.

महादेवराव : त्याईले मी सांगू का समजावून?

प्रतीक्षा : तुम्ही आधी तेरा नंबरचा पाना द्या. ते विचारेपर्यंत मी पंख काढते.

हर्षल : हे हेल्मेट. प्रेमले सांगजो, डाव्या बाजूचा पट्टा अडकते. अन् पंख काऊन खोलून राह्यले तुम्ही?

प्रतीक्षा : हर्षल, हेल्मेट तुझ्याजवळच ठेव. गाडी तूच चालवणार आहे, सर हो म्हणाले. माझा पंख काम करत नव्हता. तू म्हणत होता तेच खरं होतं. सगळ्यांसमोर मी तुले भित्रा म्हटलं, फार वाईट वागले.

हर्षल : फोटोत तर रेघा सरळ होत्या.

महादेवराव : त्या माह्या होत्या बाप्पा. पूजेची हळद समजून म्या बोटं फिरवली.

हर्षल : म्हणजे गाडी खरंच घसरत होती?

प्रतीक्षा : हो.

हर्षल : अन् मी चार दिवसांपासून मोटरसायकलवरही वळण आलं का पाय टेकवून राह्यलो.