सोफ्यावरून न्यू जर्सी

...नाही, मला एवढंच सांगा, व्हीपीएन चालू होतं ना? मग कळलं कसं त्यांना? आता तुम्ही स्टेटन आयलंडचेच, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, इथं न्यूयॉर्कात फोनवर कॅसिनो खेळायला बंदी, पूल ओलांडून न्यू जर्सीत गेलं की खुशाल खेळा, म्हणून आपली निम्मी मंडळी पलीकडच्या पार्किंगमध्ये काचा वर करून बोटं बडवत बसतात... पण पुलाचा टोल बघितलाय? मी म्हटलं, कारमाइन, तू प्लंबर माणूस, आडवाटेनं पाइप काढायला तुला कोण शिकवणार? टाकलं व्हीपीएन. मी सोफ्यावर, फोन न्यू जर्सीत!

नव्या खात्याला पन्नास डॉलर फुकट. माझे संपले, मग बायकोच्या, रोझॅनच्या नावानं खातं काढलं. तेही संपले. मग... हसू नका... सासूबाईंच्या नावानं. बाई ब्याऐंशीच्या, अकरा वर्षं आमच्याकडेच, दर मंगळवारी पुलापलीकडे बिंगोला जातात, त्यांना काय कळतंय? आणि तुम्हाला सांगतो, त्याच खात्यावर लागले की हो नऊशे! काढायला जातो तर खातं बंद.

केला फोन. तिकडून एक मुलगी, अगदी गोड आवाजात, "सर, एकच फोन, एकच वायफाय, एकच कार्ड आणि माणसं तीन?" म्हटलं, इटालियन आहोत बाई, एकत्र कुटुंब आहे. "आणि तुमच्या त्या न्यू जर्सीच्या इंटरनेट पत्त्यावरून आत्ता चारशे जण खेळतायत, सर." अहो, पण व्हीपीएन चालू होतं ना! "त्यावरूनच तर कळलं, सर. फिलोमेनाबाईंना द्या जरा."

सासूबाई ओट्याशी मीटबॉल वळत होत्या. स्पीकर लावून फोन पुढे केला, हळूच म्हटलं, फक्त 'खातं माझंच आहे' म्हणा. त्यांनी शांतपणे हात पुसले. "हो, माझंच आहे. तीन वर्षं झाली. एकतीस हजार आहेत त्यात. का गं?"

मंगळवार... बिंगो... म्हणजे पुलापलीकडे जाऊन बाई हेच खेळत होत्या!

"आजी, तुमच्या नावाची दोन खाती निघाली. चौकशी होईपर्यंत दोन्ही बंद."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, ते फ्लोरिडातल्या घराचे पैसे होते. पुढच्या महिन्यात जाणार होते मी, कायमची."

अकरा वर्षं, अहो, अकरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो!

आता वर बांधलेली खोकी परत उघडतायत. काल जेवताना म्हणाल्या, "जाऊ दे, इथं तरी मला काय कमी आहे?" म्हटलं, काही नाही हो, घ्या अजून एक मीटबॉल.

टोल मात्र वाचला.