वजीर, दोन लेन्सा आन एक फोटो

...आन वर मलाच इचारतोय राव, "बजेट काय तुमचं?" आरं बाबा, आत्ता कुठं कॅमेऱ्याच्या दुकानात पाय ठेवलाय, राम राम न्हाई, पाणी न्हाई, आन ह्याचं आधी बजेट. तुमाला सांगतो, म्या मंगलला बघायला गेलो तवा सासऱ्यानं बी माझी कमाई इचारायच्या आधी कपभर चहा पाजला व्हता. आन मला पायजे व्हतं काय? एक फोटो. एकच.

कुणाचा? वजीरचा. वजीर म्हंजी गेणभाऊचा बैल, आन गेणभाऊ म्हंजी माझा चुलता, आमी त्याला नाना म्हणतो. पिंपळवंडीत आमची घरं भिताडाला भिताड लावून. ह्या वजीरची ऐन जवानी कशात गेली ठाऊक हाय? बैलगाड्याच्या शर्यतीवर बंदी व्हती त्यात. पळायचे घाट मोकळे, गाडे छपरात, आन बैल दावणीला. नाना त्याला रोज सकाळी शेताच्या कडंनं नुसताच पळवून आणायचा, का तर पाय विसरू नये. बंदी उठली तवा वजीरचं वय झालेलं. तरी पळायचा. नंबर काय कधी आला न्हाई. आन औंदा डॉक्टर म्हणला, गुडघा गेलाय, ही यात्रा शेवटची. तवा नाना मला म्हणला, "अमृत, भिताडाला लावायला त्याचा पळतानाचा एक फोटो दे. गोठ्यात रवंथ करतानाचे ढीगभर हायेत."

आता मोबाईलवर काढून बघितलं नसंल का आमी? पुढं घोडी पळती, मागं गाडा, डोळ्याची पापणी लवायच्या आत समदं घाटाच्या वर. मोबाईलात येतं काय, तर धुरळा आन कुणाचं तरी धोतर. मंग म्या छाती काढून बोललो, "नाना, मोठा कॅमेराच घेतो." बोललो आन फसलो.

निमगाव साव्याचा सुभाष हाय, लग्नाचे फोटो काढतो, त्याला गाठला. सुभाष म्हणतो, "भाऊ, कॅमेऱ्याची बॉडी जुनी घे. बॉडी आज हाय उद्या न्हाई. पैसा लेन्सवर घाल, लेन्स नातवाला पुरंल." बरं. तिथनं पुण्याला गेलो, दुकानदार म्हणतो, "काका, बॉडी नवीन घ्या, लेन्स काय मागनं कधीबी घेता येईल." म्हंजी बैल आज घ्या आन पाय पुढच्या साली बसवा. आन सुभाष म्हणतो तसं करावं तर पाय हायेत, बैलच न्हाई. रातदिस व्हिडिओ बघितले, त्यात एक पोरगं म्हणतं हे घ्या, दुसरं म्हणतं हे घेणारा येडा. मंगल म्हणली, "आवो, दात बघून घ्या म्हंजी झालं."

त्यात त्या लेन्सचा नंबर. नंबर जेवढा बारीक तेवढी लेन्स महाग. हा कुठला बाजार राव? सुभाषनं एक बारक्या नंबरची दाखवली, म्हणला, "ही मागचं समदं धूसर करती." नाना जवळच बसला व्हता, म्हणला, "धूसर तर मोबाईलबी करतो, त्याला येवढे पैसे कशाला?" आता काय सांगू ह्याला?

शेवटी बजेटनंच ठरवलं. जुनी बॉडी, तिच्यासंगं आलेली बारकी लेन्स जवळचं बघायला, आन एक वापरलेली लांबडी लेन्स लांबचं बघायला. दुकानदारानं हात जोडून सांगितलं, "काका, लेन्स काढली की आतला भाग उघडा पडतो. तिथं धूळ जाऊ देऊ नका, मागं फोटो उमटायची जागा हाय. बोट तर अजाबात लावू नका." म्या एवढं जपलं, एवढं जपलं, की कॅमेरा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर पिशवी, पिशवीवर पिशवी. पोरांना सांगितलं, ह्या खोलीत शिंकायचं न्हाई.

यात्रेचा दिस उजाडला. आमची आई, साळुबाई, म्हणली, "नवं यंत्र घरात आलं आन पूजा न्हाई? ट्रॅक्टरची केली, पाण्याच्या मोटरीची केली, ह्यानं काय घोडं मारलंय?" बरं म्हणलं, कर. पाट मांडला. आई म्हणती, "तिन्ही वस्तू येगळ्या ठेव, ज्याचं कुंकू त्याला." ठेवल्या. "आन टोप्या काढ त्यांच्या. टोपी घातलेल्याला कुंकू लावत्यात व्हय?" काढल्या. म्या उंबऱ्यावर नारळ फोडायला वळलो, तेवढाच काय तो वेळ, आन मागनं आईचा आवाज आला, "आगं बया, आत आरसा हाय की."

वळून बघतो तर तिचा अंगठा मनगटापातुर कॅमेऱ्यात. आरशाला कुंकू. चांगलं चिमूटभर, वर हळद, वर अक्षता. आन डोळं मिटून पुटपुटती, "वजीरला सुखरूप आण रं बाबा." आता तिच्यावर आरडू का नारळ खाऊ? तांदळाचे दाणे उलटं करून झाडले, फुंकर मारली, त्यानं कुंकू आनखीन आत गेलं. बाहेरनं नाना हाका मारतोय, "अमृत, आपली बारी निघून जाईल." धुवायला वेळ न्हाई, सुभाष फोन उचलंना. पायजे व्हतं किती? एक फोटो.

घाटाच्या वरच्या तोंडाला जाऊन उभा राहिलो. कोणती लेन्स लावू? लांबडी लावावी तर वर येस्तोवर नुसतं नाकाड दिसंल. बारकी लावावी तर खालनं मुंगीवाणी. ही लावली, काढली, ती लावली. खाली गाडा जुपला. भोंग्यावर तो बाबा वरडतोय, "पिंपळवंडीच्या गेणभाऊंचा वजीर, आल्यात, आल्यात, वाट सोडा मंडळी." लांबडीच लावली. डोळा लावला तर समदं तांबूस, आन लेन्स आपली खर्र पुढं, खर्र मागं, तिला काय सापडंना. आरं धर की, धर. सात वर्सं दावणीला उभा व्हता तो, तुला एवढं बी जमंना? "झालीऽऽ" म्हणला भोंगा, म्हंजी सोडायची हाळी, गाडा सुटला, आन म्या बटण जे दाबलं ते सोडलंच न्हाई. डोळं मिटून घेतलं. खरं सांगतो, मिटून घेतलं.

बारी झाली. नंबर न्हाई. वजीर लंगडत आला. नानानं त्याच्या मानंवर हात ठेवला.

घरी येऊन फोटो टीव्हीवर लावले. पयला, नुसतं आभाळ. दुसरा, घोडीचं शेपूट. तिसरा, कुणाचा तरी मेव्हणा. आन मंग आला एक. चारी बैलं हवेत, वजीर पुढं, मान ताठ, डोळा लाल, गुडघा कुठं दुखतोय म्हणून दिसत न्हाई. आन बरोबर त्याच्या पाठीवर, खांद्यावर, शिंगावर तांबडा धुरळा. त्ये कुंकू. बटण दाबलं की आतला आरसा फाटदिशी वर उडतो, तसं उडून मागं फोटो उमटायच्या जागेवर बसलेलं. म्या तोंड उघडलं, म्हणलं, "नाना, त्ये काय झालं..."

"गप." नाना टीव्हीजवळ गेला. पार नाक लावून उभा राहिला. "गुलाल," म्हणला. पयल्या नंबरच्या बैलावर टाकत्यात तो गुलाल. त्याला काय ठाऊक न्हाई वजीर हरला ते? त्यानंच तर गाडा माघारी आणला. पर माणूस धोतराच्या सोग्यानं डोळं पुसत व्हता, मंग म्याबी गप बसलो.

फोटो हातभर करून भिताडाला लावला. सुभाष बघून गेला, म्हणला, "भाऊ, आत घाण हाय, दे, साफ करून आणतो." नानानं काठी उचलली. म्हणला, "हात तर लावून बघ."

आता रोज फोन येत्यात राव. घोडेगावपातुर बातमी गेलीया. काल धर्माजी आला, परवा बहिरू, बैल टेम्पोत घालून. समद्यांना तसाच फोटो पायजे. आन जिंकलेला एकबी न्हाई त्यात, समदे हरलेले.