एक घर, एक छाप

मंडळी, एवढ्या उन्हाचं तुमी सगळी आलात. कळंबचे पावणे आलेत, वारूळवाडीची, मावशीच्या माहेरची माणसं आलीत. मला सभेत बोलायची सवय नाय. बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर उभा राहून मी कितीबी ओरडीन, पण हा माइक मी कधी धरला नाय. सांभाळून घ्या.

आमची हिरामावशी गेली. आमच्या पिंपरी पेंढारात असं घर नाय, जिथं तिच्या मशीनवरचं झबलं गेलं नाय. तिच्याबद्दल सांगण्यासारखं लई हाय. मी एकच सांगतो. मास्कचं.

लॉकडाऊन लागलं, कापडाची दुकानं बंद झाली. मावशीचा संतोष, हा पुढं बसलाय, तो तवा केनियात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर कामाला व्हता. दर सुट्टीला आईसाठी तिकडचं कापड आणायचा. किटेंगे म्हणतात त्याला. राव, काय ते रंग! पिवळ्यावर निळे मासे, लालवर पंखे, हिरव्यावर हे एवढाले डोळे. मावशी म्हणायची, "असलं घालून मी गावातनं फिरू व्हय?" सगळं ट्रंकेत. कात्री म्हणून लावली नव्हती.

विमानं बंद झाली, संतोष तिकडंच अडकला. आणि मावशीनं ट्रंक उघडली. मी म्हणलं, "मावशे, पोरानं आणलेलं कापतीस?"

म्हणली, "पोरगं यायचं तवा यील. तवर त्याच्या कापडानं गावाची तोंडं झाकू."

रंग जाऊ नये म्हणून कापड मिठाच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची, इस्त्री मारायची. दोन पदरी मास्क, आतबाहेर तेच कापड. इलॅस्टिक मिळंना, मग त्याच कापडाच्या नाड्या. आणि तिचा नियम एकच. एक घर, एक छाप. म्हणजे दोरीवर वाळत घातले तरी कळावं कुणाचे, पोरांत मास्कांची अदलाबदल नको. आमी हसलो. सगळं गाव वरातीला निघाल्यागत दिसायचं. पण दूध घालायला रांग लागली की लांबूनच कळायचं, पंखे आले, डोळे आले.

आता माझं सांगतो. इथं बसलेल्या सगळ्यांना ठावं हाय, माझं आणि दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, बोलणं बंद व्हतं. विहीर सामाईक, मोटर एक. स्टार्टरच्या पेटीला मी कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली. दादाची पाळी आली की त्यानं निरोप धाडायचा, मग मी किल्ली द्यायची. मनात आलं तर. चार वर्षं चाललं हे.

मावशीनं मला मासे दिले. दुसऱ्या दिवशी बघतो, तर दादाच्या दोरीवर मासेच! गेलो तणतणत.

"मावशे, चुकलीस. मला दुसरी छाप दे."

तिनं मशीन थांबवलं नाय. "चुकले नाय. एक घर, एक छाप."

"आगं, आमी वेगळं झालोय!"

"ते तुमी झालाय. मी दोघांची झबली एकाच ताग्यातनं शिवलीत."

रागानं मी मास्क उलटा करून घातला. तर त्या कापडाला उलटं-सुलटं नसतंय, मंडळी! आतनं पण मासेच. सगळी गल्ली हसली.

मग दादाला कोविड सेंटरला नेलं. वहिनी घरात तापानं पडलेली. मी सेंटरच्या स्वयंपाकाला टोमॅटो द्यायला गेलो व्हतो. त्याला भेटायला नाय, खोटं कशाला बोलू? दारात नर्सबाई म्हणाल्या, "माशांचा मास्क! कोपऱ्यातल्या काकांचे ना तुम्ही? सगळ्यांना घरचा डबा येतो, त्यांना कोणी आणत नाही. ताट तसंच ठेवतात हो ते."

काय सांगू त्यांना? विहिरीचं सांगू? मी म्हणलं, "व्हय. भाऊ हाय मी त्यांचा."

दुसऱ्या दिवशीपासून भाकरी आणि कारळाची चटणी घेऊन जायला लागलो. दादा घरी आला. कुंपणापाशी येऊन म्हणला, "पहिल्याच घासाला कळलं. आईसारखी चटणी तुझ्याच घरात बनती." तवापासनं बोलतो आमी.

पण कुलूप? कुलूप तसंच राहिलं. मावशी दिसली की विचारायची, "काढलंस का रं?" मी म्हणायचो, "काढतो की." आज काढू, उद्या काढू. परवा मावशी गेली. मला तिला सांगायचं व्हतं की मावशे, तू चुकली नव्हतीस, मीच चुकलो व्हतो. ते राहिलं. लई वाईट वाटतंय.

दादा, तू मागं खांबापाशी उभा हायस, दिसतोयस मला. ही किल्ली. पुढं ये आणि घे. आता पाळी तू लावायचीस.

मंडळी, आपण सगळी उभं राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. दादा, तू हितं माझ्याशेजारी उभा राहा.